बारामती ते चिपी: घाट उतरून किनाऱ्याने

बारामतीहून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर सरळ गेलं, तर अंतर 150 नॉटिकल मैलांच्या आसपास पडतं. आम्ही मुद्दाम वाकडी वाट धरली. कोयनेवरून घाट ओलांडायचा, जयगडला समुद्र गाठायचा आणि तिथून किनारा डाव्या खिडकीखाली ठेवून दक्षिणेला उतरायचं. अशी वाट साधारण 190 मैलांची होते आणि सेसना 172 ला पावणेदोन-दोन तास लागतात. महाराष्ट्रात व्हीएफआरने, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत, उडण्यासारखी याहून सुंदर वाट मला तरी माहीत नाही. पण ती वेळेच्या हिशेबाने आखावी लागते, आणि हा वृत्तांत त्यासाठीच लिहितोय.

आधी इंधन. एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) वाटेत मिळेल असं धरून चालू नका. आम्ही जाऊन-येऊन पुरेल इतकं इंधन बारामतीलाच भरलं, वर तासाभराची शिल्लक राखली. टाक्या तुडुंब भरल्या की चार माणसांचं वजन बसत नाही, म्हणून दोघंच गेलो आणि सामानही बेताचं घेतलं. उतरण्याची परवानगी आणि विमानतळ चालू असण्याच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून पक्क्या करा. एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) नंबर हातात आल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. निघायला उशीर होणार असेल, तर पुन्हा विचारून घ्या.

महिना डिसेंबरचा होता. व्हीएफआरमध्ये उंची दिशेनुसार ठरते; जाताना नैर्ऋत्येची दिशा, म्हणून 6500 फूट. महाबळेश्वरचं पठार साडेचार हजार फुटांच्या पुढे जातं, त्यामुळे याहून खाली राहण्यात अर्थ नाही. पाटणच्या वरच्या पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांची रांग दिसली की कोयनेचा शिवसागर जवळ आला समजायचं. इथे एक निर्णय घ्यायचा असतो: खाली कोकण उघडं आहे का? वाशिष्ठीचं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं होतं, चिपळूण शहर गायब, परशुरामाच्या डोंगराचा माथा तेवढा वर. पलीकडे मात्र समुद्राची रेघ स्वच्छ दिसत होती, म्हणून पुढे गेलो. ती रेघ दिसली नाही तर सरळ मागे वळा, कराडची धावपट्टी पाठीशी आहे. फेब्रुवारीपासून धुक्याची जागा धूर घेतो. शेतकरी राब भाजतात, डोंगरात वणवे लागतात, आणि पाच किलोमीटरची दृश्यमानता कागदावरच राहते.

घाट उतरण्याआधी रेडिओवर आपली जागा आणि पुढची वाट सांगून टाका. खाली गेल्यावर सह्याद्री मध्ये येतो आणि देशावरची केंद्रं ऐकू येईनाशी होतात.

जयगडच्या वीज प्रकल्पाची चिमणी लांबून दिसते. तिथे दक्षिणेला वळलो आणि 3500 फुटांवर आलो. पुढे वाट चुकायची सोयच नाही: गणपतीपुळे, रत्नागिरीचा भगवती किल्ला, विजयदुर्गची खाडी, देवगड, मालवण. विचार करायचा तो इंजिन बंद पडलं तर कुठे टेकायचं, याचा. जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ, वरून तयार धावपट्टीसारखे दिसतात, पण जरा निरखून पाहिलं की चिरेखाणींचे चौकोनी खड्डे आणि आमरायांचे गडगे दिसू लागतात. त्यापेक्षा पुळण, म्हणजे वाळूचा किनारा बरा, तोही ओहोटीचा. पाण्यालगतचा ओला, गडद पट्टा घट्ट असतो. वरची कोरडी पांढरी वाळू चाक धरून ठेवते. भरतीला हा पट्टा उरतच नाही. म्हणून मी भरती-ओहोटीच्या वेळा नोटॅमच्या (वैमानिकांसाठीच्या सूचनांच्या) शेजारी लिहून नेतो आणि ओहोटी किनाऱ्यावरच्या तासाभरात यावी अशी निघण्याची वेळ धरतो. मालवणकडे सकाळी रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला माणसं जमलेली असतात, तो किनारा मोकळा समजू नका. 3500 फुटांवरून सेसना पाचेक मैल तरंगत जाते, तेव्हा पुळणीपासून दोन मैलांपलीकडे जायचं कारण नाही. जीवरक्षक जॅकेट अंगात हवं, मागच्या सीटवर नको. मिरकरवाड्यासारख्या मासळीच्या बंदरांवर घारी गोलगोल फिरत असतात, तिथे फोटोसाठी खाली जाऊ नका.

मालवणला सिंधुदुर्गाची तटबंदी पाण्यात अख्खी उमटलेली दिसते. त्यानंतर देवबागची चिंचोळी जीभ आणि कर्लीचं मुख ओलांडलं की परुळ्याच्या सड्यावर चिपीची अडीच हजार मीटरची धावपट्टी समोर येते. ती पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे दुपारचा खारा वारा जवळजवळ नाकावर येतो. 27 वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात (फायनलला) असताना सड्याच्या कडेपाशी विमान खाली ओढलं गेलं. थोडी पॉवर राखून ठेवा. गोव्याचा मोपा विमानतळ इथून 25 मैलांवर आहे, तेव्हा दक्षिणेला भटकू नका.

परतीला उत्तरेची दिशा, म्हणून 4500, आणि घाटासाठी ईशान्येला वळल्यावर 7500. ही चढाई किनाऱ्यावरच उरका. कोकणातून कडा एकदम उभा राहतो, आणि तो समोर आल्यावर चढायला जागा उरत नाही. दुपारी माथ्यावर ढग धरू लागतात, म्हणून आम्ही जेवणासाठी न थांबता बाराच्या आत चिपी सोडलं. सूर्यास्तानंतर व्हीएफआर नाही, त्यामुळे माथा बंद दिसला तर चिपीला परतून मुक्काम करता येईल एवढा उजेड हाताशी ठेवा.