व्हॅनची नोंदवही, भाग ४: खाडी, खार आणि गाडीचं पोट

राहता येईल अशी बांधत असलेली गाडी तीच, फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिमी व्हीलबेस. पलंग, ओटा, कपाटं नोंदवहीच्या मागच्या भागापर्यंत झाली होती. या भागातलं जवळजवळ सगळं काम पत्र्याखालचं आहे, त्यामुळे फोटोत दाखवण्यासारखं फारसं नाही. कोकण किनाऱ्याने जाणारा रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून गाडी बांधायची तर सजावटीआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात: फेरीबोटीवर चढताना मागची बाजू घासेल का, आणि खारं पाणी कुठे साचून राहील. लडाखसाठी बांधलेल्या गाड्यांचे आराखडे इथे जसेच्या तसे उचलले की फसगत होते. तिथल्या गाड्या थंडीशी भांडायला बांधलेल्या असतात.

बोटीवर चढणारी गाडी

रस्ता सलग नाही, हे नकाशावर पटकन लक्षात येत नाही. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार खाड्यांवर गाडी फेरीबोटीत घालावी लागते, नाहीतर आत शिरून मोठा वळसा. दाभोळहून धोपाव्याला बोटीने काही मिनिटं लागतात; तेच चिपळूणमार्गे शंभराहून जास्त किलोमीटर होतात.

जेट्टीचा काँक्रीटचा उतार पाण्यात गेलेला असतो आणि बोट आपली लोखंडी फळी त्यावर टेकवते. उतार खाली जातो, फळी वर चढते, मधे घडी पडते. पुढची चाकं फळीवर गेली की गाडीचं ढुंगण खाली बसतं आणि काँक्रीटला लागतं. ओहोटीला बोट उताराच्या पार खालच्या टोकाला लागते. तिथलं काँक्रीट शेवाळलेलं आणि झिजलेलं असतं, आणि घडीही जास्त तीव्र वाटते.

आपल्या गाडीचा मागचा कोन मोजणं सोपं आहे. मागचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून मागे लोंबणाऱ्या प्रत्येक वस्तूपर्यंतचं अंतर घ्या, त्या वस्तूची जमिनीपासूनची उंची घ्या, उंचीला अंतराने भागा. आमच्याकडे बंपरचा तळ ३६ सेंमी उंच आणि १३० सेंमी मागे, म्हणजे सुमारे साडेपंधरा अंश. एवढं पुरतं. पण सांडपाण्याची टाकी बंपरच्या आत, १२० सेंमीवर, जमिनीपासून जेमतेम २४ सेंमी उंच लटकत होती. २४ भागिले १२० म्हणजे पाचास एकचा उतार, सव्वाअकरा अंश. बंपर वाचला असता आणि टाकी फुटली असती. सगळ्यात आधी जमिनीला लागते ती बहुतेक वेळा आपणच नंतर लावलेली वस्तू: टाकी, गाडी ओढायचा हुक, पायरी, स्टेपनीचा पिंजरा.

बदल असा केला: जुनी टाकी काढून ४० × ७५ × १५ सेंमीची चपटी, ४५ लिटरची टाकी दोन्ही अक्षांच्या मधे, चेसिसच्या आतल्या अंगाला. सायलेन्सरच्या नळीपासून किमान १५ सेंमी लांब, आणि प्रोपेलर शाफ्टला (मागची चाकं फिरवणारा लांब दांडा) मोकळीक ठेवून, कारण स्प्रिंगचे पाटे दबले की शाफ्ट वर येतो. टांगायला दोन स्टीलच्या पट्ट्या, पट्टी आणि टाकी यांच्यामधे रबर. रबर विसरलं तर खड्ड्यांनी काही महिन्यांत प्लास्टिक कापलं जातं.

वेळ साधण्यासाठी भरती-ओहोटीचं कोष्टक असतंच, पण रेंज नसलेल्या जागी जुना हिशोब उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशोब मुंबईच्या आसपासचा. दक्षिणेकडे भरती आधी येते, मालवणला साधारण तासभर आधी धरावी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात सगळ्यात खोल ओहोटी दुपार ते संध्याकाळच्या दरम्यान येते, नेमकी त्याच वेळी बहुतेकांना पलीकडे मुक्काम गाठायचा असतो. लांब शेपटीच्या गाडीने त्या दिवसांत सकाळची बोट धरावी. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फार खाली जात नाही. तेव्हा फारसा विचार करावा लागत नाही. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो: मुंबईला उधाणात तो चार मीटरच्या वर, गोव्याजवळ दोन मीटरच्या आसपास.

बोटीत हँडब्रेक, पहिला गिअर, गॅसचा रेग्युलेटर बंद, आरसे मिटलेले. चढताना गिअर बदलू नये. शेवाळावर क्लच दाबला की मागची चाकं घसरतात.

खार

बोटीवरून उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, आणि पुढे शेखाडी किंवा आरे-वारेसारख्या रस्त्यांवर वाराच खारट. मीठ सुकलं की गप्प बसतं, पण हवेतला दमटपणा ते ओढून घेतं आणि रात्री पुन्हा ओलं होतं. म्हणून किनाऱ्यावर गाडी न चालवताही गंजते.

उपाय साधा: रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने पोट धुणं. बागायतदार आंब्यावर फवारणीला वापरतात तो १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप यासाठी उत्तम. नवाच घ्या, औषध मारलेला नको. एक भरणी पुरते: चाकांच्या कमानी, पाट्यांच्या फटी, ब्रेकच्या नळ्या, टाकीच्या पट्ट्या आणि दारांच्या खालची भोकं. दारांची ही भोकं माती-वाळूने बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून बाहेर सडतं; रंगावर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलवर मारू नये. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या ब्रेकवरही पाणी नको.

खालून मारायच्या काळ्या रबरी कोटिंगबद्दल मत स्पष्ट आहे: नव्या, कोरड्या पत्र्यावर ठीक, गंजलेल्यावर घातक. कोटिंग सुटतं, त्यामागे खारं पाणी शिरतं आणि वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं. जुन्या गाडीला वायर ब्रश, झिंक प्रायमर आणि त्यावर दर हंगामाआधी लॅनोलिन किंवा मेणयुक्त तेल. चिकट, घाणेरडं, पण गंज कुठे आलाय ते दिसतं.

मुक्कामी हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओले ब्रेक लायनर रात्रीत ड्रमला धरून बसतात आणि सकाळी गाडी हलत नाही. गिअरमधे ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा.

वायरिंग दुसऱ्यांदा

हे काम पूर्ण उचकटून पुन्हा केलं. पहिल्या वेळी साधी घरगुती तांब्याची वायर होती. लग्जपाशी (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यांपाशी) इन्सुलेशन सोललं तर आत बोटभर लांबीपर्यंत तांबं हिरवं-काळं पडलेलं. वायरच्या बारीक तारांमधून ओल केशाकर्षणाने आत चढते. आता सगळीकडे कथिलाचा मुलामा दिलेली वायर, मुलाम्याचेच लग्ज, हायड्रॉलिक क्रिंप (यंत्राने दाबून पक्का केलेला जोड) आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. नुसतं सोल्डर करू नये. हादऱ्याने सोल्डर संपतं तिथे वायर मोडते.

अल्टरनेटरकडून येणाऱ्या डीसी-डीसी चार्जरच्या (गाडी चालताना घराची बॅटरी भरणारा) लाइनला ३० अँपिअर वाहतात. एका बाजूचं अंतर ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८. १० चौ. मिमीच्या वायरीत सुमारे ०.४४ व्होल्ट गळतात, १६ चौ. मिमीत ०.२८. सोळाचीच घातली. परतीची वायर वेगळी ओढून बसबारवर (सगळ्या वायरी जोडायची धातूची पट्टी) आणली. बॉडीचा बोल्ट अर्थ म्हणून वापरायचा मोह होतो, पण तो बोल्ट सगळ्यात आधी गंजतो. मग दिवे मंद का, पंप कण्हतो का, फ्रिज ‘लो व्होल्टेज’ का दाखवतो, हे शोधण्यात दिवस जातात. पूर्ण भारावर प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मिलिव्होल्ट मोजले की दोषी जोड लगेच सापडतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.

रोजचा हिशोब, डिसेंबर-जानेवारीचा: ४५ लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज सुमारे ४९० वॉट-अवर, छताचा पंखा दहा तास १९०, दिवे ५०, पाण्याचा पंप १५, फोन-लॅपटॉप १२०. इंडक्शन ८०० वॉटवर दिवसात ४० मिनिटं, इन्व्हर्टरची तूट धरून ६०० च्या थोडं वर. बेरीज १४७० च्या आसपास. छतावरचे ३४० वॉटचे पॅनल चांगल्या दिवशी सुमारे १०७० देतात. उरलेले ४०० तासाभराच्या ड्रायव्हिंगमधे भरून निघतात. ज्या दिवशी गाडी हलत नाही त्या दिवशी इंडक्शन बंद, स्वयंपाक गॅसवर.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची एक होती, आता दोन समांतर. कारण क्षमता नव्हतं. इंडक्शन १२०० वॉटवर नेलं की १२.८ व्होल्टवर इन्व्हर्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, आणि १०० अँपिअरचा बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, खटकन बंद पडतो. अर्धवट शिजलेला भात आणि अंधार एकदमच. दोघींमधे भार सारखा वाटला जायचा तर वायरी समान लांबीच्या हव्यात, आणि धन एका बॅटरीवरून तर ऋण दुसऱ्यावरून घ्यावा.

पॅनलची निवड चुकली होती. दोन्ही १८ व्होल्टचे, माडांची सावली लक्षात घेऊन समांतर जोडलेले. तत्त्वतः बरोबर, कारण मालिकेत जोडल्यावर एका झावळीची सावली दोन्ही पॅनलना खाली ओढते. पण उन्हात पॅनलचा पत्रा ६५ अंशांवर गेला की १८ चे साडेपंधरा व्होल्ट होतात, आणि बॅटरी १४.४ पर्यंत भरायची आहे. मधे जेमतेम एक व्होल्ट, त्यातला काही वायरीत जातो. चार्जर दुपारीच सुस्तावतो, ऐन ऊन असताना. आता ३१ व्होल्टचे पॅनल, समांतरच. तापले तरी साडेसव्वीसच्या वर राहतात. आणि माडाखाली गाडी लावूच नये. प्रश्न सावलीपेक्षा नारळाचा आहे.

लाकूड, पाणी, संडास

प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, मरीन. त्यातही जाडीचा हव्यास नको. आठ बाय चारची १८ मिमी शीट ३५ किलोच्या आसपास, १२ मिमीची २४. कपाटांना १२ पुरे. कापलेल्या कडांना इपॉक्सी किंवा मरीन वार्निश लावलं नाही तर मरीन प्लायही कडेने फुगतो. इन्सुलेशनला ग्लासवूल नको, ते ओल धरून ठेवतं. बंद पेशींचा फोम, १३ ते १९ मिमी, पत्र्याला पूर्ण चिकटवलेला.

गोडं पाणी ८० लिटर, दोन टाक्यांत. भरणीच्या तोंडाला गाळणी हवी, कारण जांभ्याच्या विहिरींचा बारीक लाल गाळ पंपाच्या झडपेत बसतो. मग नळ बंद असतानाही पंप मधेमधे सुरू होत राहतो आणि माणूस गळती शोधत बसतो.

कॅसेट संडास (खालची मैल्याची टाकी काढून रिकामी करायचा) काढून टाकला. तो रिकामा करायची सोय या किनाऱ्यावर नाही, आणि लोकांच्या घरी विचारणं अवघड. आता लघवी वेगळी करणारा कोरडा संडास, भरणीला काथ्याचा भुसा. या भुशाच्या दाबलेल्या विटा इथे सहज मिळतात, त्या पाण्यात फुलवायच्या. पाकिटावर लिहितात तेवढं पाणी घालू नका, निम्मं पुरतं. बाकीचं काम हवा करते. पाच वॉटचा छोटा पंखा सतत चालू ठेवला नाही तर चिलटं होतात.

गॅसला ५ किलोचा सिलिंडर, बाहेरूनच उघडणाऱ्या बंद कप्प्यात, कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवून तो जात नाही. एवढे बदल करण्याआधी मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी घ्या. नंतर घेऊ म्हटलं की इन्शुरन्सच्या वेळी अडकतं.

वाटेतल्या नोंदी

आंजर्ले, मुरूड, गुहागरच्या वाड्यांतल्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आहेत. समोरून एसटी आली तर मागे जाणं आपल्यालाच. वर आंब्याच्या फांद्या आणि घरांकडे गेलेल्या विजेच्या तारा, त्यामुळे पॅनलसह गाडीची उंची डॅशबोर्डवर लिहून चिकटवलेली आहे. देवबागचा रस्ता तारकर्लीपुढे चिंचोळा होत जाऊन संपतो. तिथे मोठी गाडी वळवण्यापेक्षा तारकर्लीला लावून चालत जावं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालू नये, कितीही घट्ट दिसली तरी. मागच्या चाकांवर चालणारी, तीन टनांच्या आसपासची गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

मुक्कामाला एमटीडीसीची (राज्य पर्यटन महामंडळाची) आवारं आहेत: हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली. घरगुती निवासांतही अंगणात गाडी लावून जेवण त्यांच्याकडे घ्यायचं ठरवलं तर बहुधा जमतं. आधी फोन करून गाडीची लांबी आणि उंची सांगा, फाटकातून जाते का ते तेच सांगतात.

बाकी काम: गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छत्रीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला स्टेनलेसचे स्क्रू थेट मारले होते, प्रत्येकाभोवती पांढरी भुकटी आली आहे. ते काढून नायलॉनचे वॉशर आणि लॅनोलिन लावून पुन्हा बसवायचे आहेत. बावीस स्क्रूंपैकी चार आत्ताच फिरेनासे झालेत, ते बहुधा ड्रिल करूनच निघतील.