नोकरी गेल्यानंतरचे आम्ही दोघे
नवऱ्याची नोकरी जाऊन चार महिने झाले, तरीही तो सकाळचा गजर बंद करत नाही. उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि लॅपटॉपसमोर नुसता बसून राहतो. ‘काही कळलं का?’ हा माझा रोजचा प्रश्न त्याला उलटतपासणीसारखा वाटतो, हे उमगायला मला फार वेळ लागला. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली मांडलेल्या, आयुष्यातल्या घटनांना ताणानुसार गुण देणाऱ्या ताणमापन श्रेणीत नोकरी जाण्याला ४७ गुण आहेत, तर लग्नाला ५० (हे वाचून आम्ही दोघेही बऱ्याच दिवसांनी हसलो). आता खर्चाचा आणि अर्जांचा विषय फक्त रविवारी, वही समोर ठेवून निघतो. इतर सहा दिवस जीभ आवरणे मला अजूनही जड जाते.