वीस की एकोणीस?

शाळेने मला दिलेल्या गोष्टींत सगळ्यात वरची म्हणजे प्रयोगशाळेतली एक जोड तासिका. बाईंनी प्रत्येक गटाला दोरा, धातूचा गोळा आणि स्टॉपवॉच दिलं होतं. एक मीटर लांबीच्या लंबकाला २० दोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. बहुतेकांचे ४० सेकंदांच्या आसपास आले, एका गटाचे ३८. ‘पुन्हा करा’ म्हणून बाईंना पुढे जाता आलं असतं. त्यांनी सगळे आकडे फळ्यावर मांडले आणि हे ३८ आले कुठून, ते शोधायला आख्ख्या वर्गाला लावलं.

दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरली होती का, ते पाहिलं. त्याच आकाराचा जड गोळा लावला, वेळ तेवढाच. मग उलगडा झाला. गोळा सोडतानाच त्या गटाने ‘एक’ म्हटलं होतं. ‘शून्य’ म्हणायला हवं होतं. वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच झाली होती!

आज मी मोजमापाची उपकरणं तपासण्याचं काम करते. समोर आकडा आला की तो मोजला कसा, हे आधी विचारायची सवय मला त्या तासाने लावली.

हल्ली सरकारी शाळांतही स्मार्टबोर्ड आले आहेत. पेशीविभाजन दाखवायला ते उत्तमच. पण पडद्यावरच्या लंबकाचे कधी ३८ सेकंद येत नाहीत, आणि शिकण्यासारखं सगळं त्या ३८ मध्ये होतं. संगणक हवाच, तो मुलांनी स्वतः घेतलेल्या नोंदींसाठी. लांबी बदलत जाऊन, एका दोलनाला लागणाऱ्या वेळेला त्याच वेळेने गुणून येणाऱ्या वर्गाचा लांबीशी आलेख काढला, की सरळ रेषा येते. ती रेषा आपल्या आकड्यांतून उमटताना मुलांनी पाहायला हवी.

प्रयोगशाळेला कुलूप राहतं त्याला बऱ्याचदा भीती कारणीभूत असते. परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरपुढे, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीपुढे, उत्तर शिक्षकांनाच द्यावं लागतं. काचेचं साहित्य खडूसारखं संपणारं धरावं आणि त्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम ठेवावी. जोड तासिका वेळापत्रकात पक्की असावी. एका तासिकेत साहित्य वाटून होईपर्यंत घंटा होते. आणि परीक्षेत नोंदींचा तक्ता देऊन विचारावं: यातली कोणती नोंद संशयास्पद वाटते, आणि का?

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतला माझा वाटा या फुटतुटीच्या खर्चासाठीच वापरावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे.