पीट्रेसच्या टेस्ट लिहिताना झालेली माझी फजिती

लिनक्सच्या पीट्रेसवर (एका प्रोसेसने दुसरीला थांबवून तिचे रजिस्टर, मेमरी बघायची सोय, डीबगर हीच वापरतात) टेस्ट टाकायच्या ठरवल्या तेव्हा वाटलं दोन संध्याकाळचं काम आहे. फोर्क करून नवी प्रोसेस म्हणजे चाइल्ड काढायचा, त्याला अटॅच व्हायचं, रजिस्टर वाचायचे, संपलं. पहिली फाइल हां हां म्हणता आठशे ओळींची झाली, सगळं एकाच मेनमध्ये, आणि मध्येच एक टेस्ट पडली की पुढच्या चालायच्याच नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्लीपने. अटॅच केल्यावर चाइल्ड लगेच थांबतो असं मी धरून चाललो होतो, पण तो कॉल फक्त सिगस्टॉप म्हणजे थांबायचा सिग्नल पाठवतो, खरंच थांबला की नाही ते वाट बघणाऱ्या वेटपिड कॉलनेच कळतं. मी मध्ये थोडं यूस्लीप म्हणजे ठराविक वेळ नुसतं थांबणं टाकून दिलेलं, माझ्या लॅपटॉपवर दर वेळी पास, बिल्ड सर्व्हरवर लोड आला की दहातून एकदा फेल. शेवटी सगळे स्लीप काढले, चाइल्ड तयार झाला की पाइपवर एक बाइट लिहितो आणि पेरेंट प्रत्येक स्टॉपला वेटपिड करून स्टेटस नीट तपासतो. सिस्कॉलचा (प्रोसेसने कर्नलला केलेल्या कॉलचा) स्टॉप आणि साधा ट्रॅप सिग्नल यातही घोळ व्हायचा, मग ट्रेससिसगुड ऑप्शन लावला, आता सिस्कॉलच्या स्टॉपला ५ ऐवजी १३३ येतं, म्हणजे १२८ चा बिट चढलेला, गोंधळ मिटला.

मग यामा, लिनक्सचं सुरक्षा मॉड्यूल. एका टेस्टमध्ये ट्रेसर (अटॅच होणारा) आणि टार्गेट दोघेही एकाच पेरेंटचे चाइल्ड होते, माझ्याकडे पास, दुसऱ्या मशीनवर परवानगी नाही म्हणून एरर. मी दोन तास कोडमध्ये बग शोधत बसलो आणि बग नव्हताच!! तिथे यामाचं पीट्रेस_स्कोप हे सेटिंग १ होतं, म्हणजे साध्या यूझरला आपल्याच वंशातल्या प्रोसेसला अटॅच होता येतं, भावंडाला नाही. आता टार्गेट आधी पीआरसीटीएल कॉलने सांगतो की हा माझा ट्रेसर, आणि स्कोप २ किंवा ३ असेल तर टेस्ट स्किप. स्किपचा एक्झिट कोड केसेल्फटेस्टमध्ये (कर्नलच्या स्वतःच्या टेस्टच्या संचात) ४ आहे आणि तो ४ च द्यायचा, शून्य देऊन मोकळं व्हायचं नाही. माझी एक टेस्ट आठवडाभर हिरवी दिसत होती ती चालतच नव्हती म्हणून, लाज वाटली खरं तर.

चाइल्डची मेमरी वाचणाऱ्या पीकडेटा रिक्वेस्टचं एक सांगतो, ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये तो वाचलेली व्हॅल्यूच परत देतो, त्यामुळे मेमरीत खरंच -१ असेल तर एरर आणि उत्तर सारखंच दिसतं. म्हणून आधी एररनो (एररचा नंबर ठेवणारं व्हेरिएबल) शून्य करायचा आणि कॉलनंतर तो बघायचा. यासाठी मुद्दाम -१ लिहून वाचणारी वेगळी टेस्ट ठेवलीय.

फाइली कशा पाडायच्या यावर मी दोनदा मत बदललं. आधी प्रत्येक रिक्वेस्टला एक फाइल केली, पण अटॅच, स्टॉप, डिटॅच हे एकमेकांशिवाय तपासताच येत नाहीत, मग तोच सेटअप सगळीकडे कॉपी. आता वागणुकीप्रमाणे चार फाइली: थांबणं-सोडणं, सिस्कॉल, मेमरी, एक्झेक (चालू प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणं). फोर्क-पाइपचं काम एका हेडरमध्ये, आणि त्यातच एक्झिटकिल ऑप्शन, म्हणजे ट्रेसर मेला की चाइल्डही मरतो, कारण आधी टेस्ट अर्ध्यात मेली की पीएसने प्रोसेसची यादी काढल्यावर अनाथ चाइल्डांची रांग दिसायची, सगळे पॉजमध्ये निवांत बसलेले. मेकफाइलमध्ये चारही नावं टाकली आणि गिटइग्नोर (गिटने कोणत्या फाइली सोडून द्यायच्या त्याची यादी) विसरलो, रिव्ह्यूत पहिली कमेंट त्यावरच आली.

एक्झेकवाल्या फाइलीत मल्टीथ्रेड केस अजून बाकी आहे, तिथे एक्झेकनंतर थ्रेडचा आयडीच बदलतो आणि माझं हेडर जुन्याच आयडीची वाट बघत बसतं.