तुम्ही विचारलंत म्हणून: सोडायचाच तर पकडता कशाला?

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात एका काकांना मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. अंगावर लाल-काळे ठिपके, पोटाला लोण्याचा रंग, वीतभरापेक्षा बराच मोठा ट्राउट मासा. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "काटे फार असतात का?" नाही म्हटलं. "मग तळलात की कालवण?" म्हटलं, काका, सोडून दिला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि बिल्डिंगच्या वॉचमनपासून माझ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालेला प्रश्न विचारला. "सोडायचाच होता तर पकडलात कशाला?"

तेवढ्यात पानं वाढली गेली, म्हणून हसून वेळ मारून नेली. आता सवडीने सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. ट्राउट मुंबईच्या आसपास कुठेही मिळत नाही. त्याला थंड, धावतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे नळाखाली हात धरला तरी ते पाणी त्याच्या दृष्टीने कोमटच. मी राहतो भांडुपला आणि ट्राउटसाठी जातो हिमाचलात, तेही वर्षातून एकदा, जमलं तर. उरलेल्या रविवारी मी कर्जतच्या लोकलने जाऊन जे गावेल ते गरवणारा माणूस आहे.

गरवणं, म्हणजे गळाने मासे पकडणं, हा शब्द मामाचा. मामा ऐरोलीचा, खाडीकाठचा. त्याच्याकडे काठी नव्हतीच. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं, गळ आणि गळाला सोललेली कोळंबी. भरती लागली की हातानेच तंगूस गरगर फिरवून लांब फेकायचा आणि पहिल्या बोटावर धरून बसायचा. "डोळं मिटून बस," म्हणायचा, "मासा पयला बोटाला सांगतो." शिंगाळी मिळायची, कधी पालू, आणि वर्षातून एखाद्या वेळी जिताडा. जिताडा मिळाला की मामी आधी शेजारी दाखवून यायची आणि मग चिरायला बसायची. त्या घरात मासा सोडणं हा विषयच नव्हता. बोटाएवढा मासासुद्धा मांजरीला जायचा. पुढे कधीतरी मी फुशारकीने सांगितलं की मी मासे पकडून सोडतो, तेव्हा मामाने बराच वेळ तोंडातलं पान चघळलं आणि विचारलं, "मग गेल्तास कशाला?" म्हणजे हा प्रश्न मला पहिल्यांदा ज्याने विचारला, त्यानेच मला हे शिकवलंय.

मला माशीचा नाद लागला तो बराच उशिरा, चाळिशीत. माशी म्हणजे पिसं, केस आणि दोरा गुंडाळून बारक्या गळावर बांधलेला खोटा किडा. माशी दाखवून मासा पकडायचा, हे वाक्य आईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी थट्टा करतोय. मामाच्या पद्धतीत शिसाचं वजन तंगूसाला ओढत नेतं. माशीला वजनच नसतं. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते, ती हवेत मागे-पुढे खेळवायची, मागे पूर्ण सरळ झाली की पुढे सोडायची, आणि तिच्या टोकाला ती माशी तरंगत जाऊन पाण्यावर बसते. घाई केली तर चाबकासारखा आवाज येतो आणि दोरी पायाशी गोळा होते.

हे शिकायला मुंबईत जागा कुठे? गच्ची. ऑफिसातून आलो की सात ते आठ गच्चीवर. गळाच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधतो, कारण पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची वाळत घातलेली साडी गळाला लागली होती. (साडी निघाली. काकू अजून बोलत नाहीत.) वॉचमनला वाटायचं साहेब पतंग उडवतात, पण पतंग कुठे दिसत नाही. लोकलमध्ये वेगळी गंमत. रॉडचं चार फुटी नळकांडं खांद्याला असतं, आणि आषाढात किमान एकदा तरी कुणीतरी विचारतं, "वारीला का?"

कर्जतजवळ पेज नावाची नदी आहे. नाव भाताच्या पेजेसारखं आणि पावसाळ्यात रंगही तसाच. पुढे ती उल्हासला मिळते. उल्हास म्हणजे तीच नदी, जिच्या पुरात २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती. बदलापूरच्या खाली तिच्या काठावर बसायला मन होत नाही. पण वर, पेजेवर, मे महिन्यातही पाणी वाहतं. कोकणातल्या बहुतेक नद्यांचे तेव्हा नुसते गोटे उघडे पडलेले असतात. कारण हे पाणी घाटावरचं. ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं, खरं तर पूर्वेकडे जायचं पाणी टाटांनी शंभर वर्षांपूर्वी बोगद्यातून आणि पाइपातून इकडे उतरवलं. भिवपुरीच्या वीजघरात त्याच्यावर वीज होते आणि मग ते पेजेत येतं. त्यामुळे ही नदी पंचांगावर चालत नाही, मुंबईतल्या विजेच्या मागणीवर चालते. मी पोचल्यावर आधी दगड बघतो. पाण्याच्या वर चार बोटं ओली रेघ दिसली तर पाणी नुकतंच उतरलंय. रेघच नसेल तर सामान वर ठेवतो, कारण पाणी चढत असतं.

आणि इथे, काका, तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग आहे.

नदीला वरून झाकण असतं. आपल्याला दिसतं ते आकाश, झाडं आणि स्वतःचं तोंड. खाली काय चाललंय ते कळत नाही. पण चार-पाच वर्षं एकाच नदीवर गेलं की वरच्या पाण्यावरून खालचं ओळखू यायला लागतं. इथे पाणी फुगल्यासारखं दिसतंय, म्हणजे खाली मोठा दगड. दगडाच्या मागे पाणी शांत. वाहत्या पाण्यातला मासा ताकद उधळत नाही, तो शांत जागी तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि शेजारच्या धारेतून येणारा घास उचलून परत जागेवर येतो. मग धारेतून कोणता घास येतोय हे बघायचं. त्यासाठी गुडघाभर पाण्यातला एक दगड उलटा करायचा. खाली सहा पायांचे चपटे किडे चिकटलेले असतात, काही किड्यांनी बारीक वाळूची नळी करून घर बांधलेलं असतं. खिशातल्या डबीत त्यांच्यासारखी दिसणारी माशी शोधायची, बांधायची, दगडाच्या चार हात वर टाकायची आणि वाहू द्यायची.

दहापैकी नऊ वेळा काही होत नाही. म्हणजे माझा अंदाज चुकला. दहाव्या वेळी दोरी थबकते. त्या एका क्षणात कळतं की झाकणाखालचं मी जे मनाशी रचलं होतं ते खरं होतं. दगड होता, शांत जागा होती, तिथे कुणीतरी तोंड वर करून वाट बघत होतं. गणित सुटल्यावर मागच्या पानावरचं उत्तर उघडून बघतो तसा मासा आहे. उत्तर बघायचं असतं, पान फाडून घरी न्यायचं नसतं.

हे मी साखरपुड्यात सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, मग गळ लावताच कशाला, अंदाज करा आणि घरी या. बरोबर आहे. पण उत्तर न बघता गणित बरोबर आलं म्हणणारा मुलगा आमच्या वर्गात होता. त्याचं पुढे काय झालं ते जाऊ दे.

दुसरा अर्धा भाग सांगताना माझीच लाज निघणार आहे.

पहिल्यांदा ट्राउटसाठी गेलो ते तीर्थन नदीवर. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून मनालीच्या बसने औट, औटला पहाटे उतरून बंजार आणि पुढे गुशैणी. एप्रिल होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे ट्राउटची बंदी असते, कारण त्याची मादी थंडीत नदीच्या बारीक खडीत शेपटीने खळगा करून अंडी घालते. सरकारी लायसन काढलं, ज्यांच्याकडे उतरलो होतो ते गृहस्थ बरोबर आले. पाणी इतकं थंड की पाच मिनिटांत पाय आपले वाटेनात. आणि इतकं स्वच्छ, की पेजेवर कमावलेला सगळा शहाणपणा उघडा पडला. मला मासा दिसत होता, तसा त्यालाही मी.

तिसऱ्या दिवशी एक लागला. मी त्याला खूप वेळ खेळवला, कारण मजा येत होती. मग बाहेर काढला, कोरड्या हातांनी धरला, फोटो. हा बरा नाही आला, अजून एक. ऊन डोळ्यावर येतंय, इकडून घ्या. मग मोठ्या मनाने पाण्यात सोडला, आणि त्याचाही व्हिडिओ. मासा हळूहळू गेला. अर्ध्या तासाने खालच्या भोवऱ्यात पोट वर करून फिरताना दिसला. यजमानांनी तो जाळीने उचलला आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "भाईसाब, छोड़ना भी सीखना पड़ता है." रात्री त्यांनी तो मोहरीच्या तेलात तळला. मी खाल्ला. टाकून देण्यात काय अर्थ होता?

तेव्हा कळलं की सोडणं म्हणजे फक्त हात उघडणं नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हा त्याचा रेनकोट असतो, कोरड्या हाताने तो निघतो आणि मग रोग धरतो. म्हणून आधी हात ओले करायचे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ चटकन निघतो. (मासे जास्त निसटतात. निसटू देत.) दमवायचं नाही, पटकन आणायचा. शक्यतो पाण्याबाहेर काढायचाच नाही. तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हात धरायचा आणि तो स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात कल्ल्यांची उघडझाप तळव्याला लागते. मामाचं ते बोटाला सांगणं मला तिथे परत भेटतं. हे मी मामाला सांगायला हवं होतं, राहून गेलं.

तरीही मी स्वतःला भूतदयावादी म्हणवून घेत नाही. गळ टोचतोच. भूतदया आपल्याकडे दुसऱ्याच लोकांनी केलीय. महाडजवळ वाळण कोंडीत नदीच्या डोहात मोठमोठे महाशीर आहेत, लोक त्यांना देवाचे मासे म्हणतात, खायला घालतात, आणि कुणी गळ टाकत नाही. देहूला इंद्रायणीतही तेच. गळाशिवाय, जाळ्याशिवाय, फक्त लाह्या टाकून मासा बघायचा. माझ्यापेक्षा ते बरे. फक्त मला काठावर नुसतं बसवत नाही.

आता राहिली चिलापी, म्हणजे तिलापिया. पेजेवर मला सगळ्यात जास्त तीच मिळते, आणि ती मी कधीच सोडत नाही. आफ्रिकेतला मासा, १९५० च्या दशकात आपल्याकडे आणला, आणि आता जिकडे तिकडे तोच. पिल्लं तोंडात सांभाळतो, कसल्याही पाण्यात तगतो, इथल्या माशांची जागा आणि खाणं बळकावतो. म्हणून माझा नियम सोपा होता. इथला मासा परत पाण्यात, बाहेरचा पिशवीत. हा नियम मी अनेक वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आलो.

परवाच्या रविवारी पाच चिलाप्या आणल्या. धाकटी ओट्याशी उभी राहून आगळ लावत होती. नववीत आहे, भूगोल आवडतो. म्हणाली, "बाबा, ट्राउट मूळचा हिमाचलचा?"

नाही म्हटलं. इंग्रज साहेबांना गावाकडची करमणूक हवी होती, म्हणून १९०० च्या सुमाराला स्कॉटलंडहून अंडी बर्फात घालून बोटीने आणली, आधी काश्मीरला. कुलूकडे नंतर गेला.

"आणि तो काय खातो?"

किडे. आणि लहान मासे.

"म्हणजे तिथले लहान मासे."

हो.

"मग तो बाहेरचा असून तुम्ही त्याला सोडता आणि हिला तळता."

मी सांगायला लागलो, की त्या खोऱ्यातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यामुळे पेटते, लोक लांबून येतात, राहतात, आणि लायसनवर ठरावीक मासे ठेवताही येतात, मीच ठेवत नाही... ती ऐकत होती, पण भुवई वर. शेवटी खरं तेच सांगितलं. तो फार देखणा असतो गं.

"आणि ही?" तिने परातीतली चिलापी शेपटीने उचलून धरली. आगळ लावलेली, डोळे वटारलेली.

मी म्हटलं, तवा तापलाय, रव्यात घोळव लवकर.