बाईंचा नॉक आणि गिरणीचा भोंगा

आठवीला आम्हाला इंग्रजीला ज्या बाई होत्या त्या शब्दाचा एकच अर्थ फळ्यावर कधीच लिहायच्या नाहीत. १९८२ चा जून, गिरण्यांचा संप सुरू होऊन पाच महिने झालेले, वर्गात निम्म्याहून जास्त पोरांचे वडील गिरणीतले, माझे पण. धड्यात नॉक आला, मी उभं राहून सांगितलं दार ठोठावणे. बाई म्हणाल्या बरोबर, आता सांगा आपण मराठीत काय काय मारतो? मग काय, सुटलोच आम्ही, हाक मारतो, चक्कर मारतो, मिठी मारतो, डुलकी मारतो, शाळेला दांडी मारतो, मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं डल्ला मारतो! बाईंनी विचारलं, यातलं एक तरी कुणाला लागतं का रे? इंग्रजीतला नॉक तसाच, त्याच्या मागे काय जोडलंय आणि कोण कुणाला म्हणतंय ते बघा.

आणि खरंच, एकट्या नॉक ऑफचे किती अर्थ! काम संपवून घरी निघणे, किंमत कमी करणे, ब्रँडेड वस्तूची स्वस्त नक्कल, आणि ब्रिटिश बोलीत चक्क ढापणे, म्हणजे आमचा डल्लाच की. मधे इट घातलं, नॉक इट ऑफ, की झालं बस कर आता. नॉक बॅक म्हणजे ग्लास एका दमात रिकामा करणे, हा मात्र मला नंतर कळला, बाईंनी नाही सांगितला.

मग आलं नॉक अप. बाई म्हणाल्या, दार वाजवून झोपेतून उठवणे, तुमच्या वडिलांना कोण नॉक अप करायचं? सगळा वर्ग एका सुरात, भोंगा! आणि लगेच शांत झाला, कारण आमच्या गल्लीतल्या गिरणीचा भोंगा जानेवारीपासून वाजलाच नव्हता. बाईंनी पुस्तक मिटलं, तास तिथेच संपला. ती शांतता मला अजून ऐकू येते.

२००४ ला कामासाठी इंग्लंडला बोल्टनला गेलो, तेही जुनं कापूस गिरण्यांचं गाव. घरमालकीण ऐंशीच्या आजी, पहिल्याच रात्री म्हणाल्या, उद्या सहाला तुला नॉक अप करू का? आमच्या टीममधला अमेरिकन पोरगा ऐकून लालेलाल, कारण त्यांच्याकडे त्याचा अर्थ बाईला गरोदर करणे. मला बाई आठवल्या, कोण कुणाला म्हणतंय ते बघा. आजींनी मग सांगितलं की त्यांच्या लहानपणी नॉकर अप नावाचा माणूस असायचा, पहाटे लांब बांबूने वरच्या मजल्याच्या खिडक्या वाजवत फिरायचा, गजराचं घड्याळ गिरणीकामगारांना परवडायचं नाही म्हणून आठवड्याला काही पेनी देऊन माणूस लावायचे. कुठे कुठे तर १९७० च्या आसपासपर्यंत हे काम चालू होतं.

रात्री फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग विचारलं, रविवारी पण यायचा का रे तो?

सकाळी आजींना विचारलं. म्हणाल्या, छे, रविवारी सगळी गल्ली झोपायची.