मारेनच्या आईच्या घरात खाट नव्हती

मिश्र वंशाचं पात्र करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी रूप ठरवतात. कान किती टोकदार, डोळे कोणाकडून आले, सुळे ओठांबाहेर दिसतात की नाही. मी टेक्स्ट रोलप्ले करते, म्हणजे एखादं काल्पनिक पात्र होऊन बाकीच्या खेळाडूंसोबत ऑनलाइन लिहीत गोष्ट पुढे नेते. आमच्याकडे फासे क्वचितच पडतात, सगळा खेळ लिहिण्यावर चालतो, आणि तिथे कानांचं वर्णन तिसऱ्या पोस्टपर्यंत कोणाच्या ध्यानातही राहत नाही. ध्यानात राहतं ते पात्राचं वागणं. म्हणून मी सुरुवात घरापासून करते. ती कोणाच्या घरात वाढली, त्या घरात रात्री काय चालायचं, ताप आला की उशाशी कोण बसायचं, आणि दुसऱ्या बाजूच्या घरी तिचं जाणं-येणं किती होतं.

सध्या मी खेळते ती मारेन. आई एल्फ (जादूच्या कथांतला टोकदार कानांचा, दीर्घायुषी वंश), वडील माणूस, नदीवर नाव चालवणारे. आमचा सर्व्हर, म्हणजे आम्ही मिळून लिहितो तो ऑनलाइन गट, डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्ले खेळाच्या २०१४ सालच्या नियमांचा आधार घेतो. त्यात हाफ-एल्फला, म्हणजे मारेनसारख्या अर्ध्या एल्फला, काय मिळतं ते पाहा: अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, झोपेची जादू चालत नाही, भुरळ सहजी पडत नाही, करिष्म्याचे गुण दोनने वाढतात, दोन जादा कौशल्यं मिळतात. हे सगळं कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या पानावर, उतरवून लोक पुढे जातात. मला मात्र नियमांच्या या यादीतच सगळी बॅकस्टोरी, पात्राची पूर्वकथा, सापडते. प्रत्येक ओळ घरात आणून ठेवायची आणि विचारायचं, याने रोजच्या जगण्यात काय बदललं?

झोपेचंच घ्या. एल्फ झोपत नाहीत. चार तास ध्यानात बसले की त्यांची विश्रांती झाली. हाफ-एल्फला मात्र हे ध्यान मिळत नाही, तिला माणसासारखं आठ तास आडवं व्हावं लागतं. म्हणजे मारेन आईच्या घरी राहायला गेली तेव्हा त्या घरात खाटच नव्हती. अंथरूण नाही, पांघरूण नाही, दिवे मालवायची ठरलेली वेळ नाही. घरात झोपणारं कोणी नव्हतंच. तिच्यासाठी मामाने एक खाट करवून घेतली आणि ती बैठकीच्या खोलीत ठेवली, कारण झोपायची खोली नावाची गोष्ट तिथे कोणी बांधलीच नव्हती. रात्री ती निजलेली असताना बाकीची मंडळी तिच्या आजूबाजूला वाचत, गात, हलक्या आवाजात बोलत बसलेली. कोणी तिला तोडून बोललं नाही, कोणी हाकललं नाही. तरी त्या घरात आपण वेगळ्या आहोत हे तिला रोज रात्री कळत होतं. आज मारेन कुठल्याही सराईत उतरली की आधी दार आतून लावता येतं का ते बघते. माझ्यासोबत खेळणाऱ्यांना यामागचं कारण फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा त्यावर एक अख्खा थ्रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेला सलग प्रसंग, झाला.

आता अंधारात दिसण्याचं. वडिलांच्या घरी हे कौतुकाचं होतं. रात्री नाव सुटली तर मारेनला हाक मारायची, ती कंदिलाशिवाय काठावर उतरणार. पण नियम नीट वाचला तर गर्द अंधारात रंग कळत नाहीत, सगळं करड्या छटांमध्ये दिसतं. मी हे एका प्रसंगात वापरलं. गोदीवर रात्री एकाला भोसकलं, मारेनने मारेकऱ्याचा चेहरा, चालण्याची ढब, झग्याची शिवण सगळं सांगितलं, आणि पहारेकऱ्याने झग्याचा रंग विचारला तिथे ती अडली. पहारेकरी माणूस होता, त्याचा विश्वास उडाला: एवढं सगळं दिसलं आणि रंग नाही दिसला? अशी जागा मिळाली की समोरच्या खेळाडूलाही लिहायला भरपूर हाताशी लागतं. मिश्र वंशाचं पात्र करण्यातला मोठा आनंद मला इथे मिळतो.

सगळ्यात जास्त मी रमते ती वयाच्या हिशेबात. या नियमांप्रमाणे एल्फ साडेसातशे वर्षं जगू शकतो, हाफ-एल्फ १८० च्या पुढे, आणि माणूस शंभरीच्या आत. एल्फ शरीराने माणसाइतक्याच वेळात वाढतो, पण त्याच्या समाजात तो मोठा मानला जातो शंभरीच्या आसपास, आणि तेव्हाच तो स्वतःचं मोठेपणीचं नाव घेतो. तोवर बालपणीचं नाव. मारेन आज सत्तेचाळीस वर्षांची आहे. वडिलांकडे ती आत्या आहे, भाचरांना पोरं झाली आहेत, गावात तिचा शब्द चालतो. आईकडे ती अजून तिरी. तिची लहानपणची मैत्रीणही अजून बालनावानेच ओळखली जाते, पण त्या मैत्रिणीला कसली घाई नाही. तिच्यापुढे सातशेच्या आसपास वर्षं पडली आहेत. मारेनने आईच्या लोकांत मोठं व्हायची वाट बघितली, तर तो दिवस उजाडेपर्यंत वडिलांच्या घरातले आज तिला ओळखणारे बहुतेक सगळे गेलेले असतील.

हे मी नुसतं शीटवर लिहून ठेवलं असतं तर कोणाला काही पत्ता लागला नसता. एल्फ दरबारातला लेखनिक खेळणाऱ्याशी मी आधी बोलून घेतलं, आणि दोघांनी मिळून ठरवलं की या दरबारात बालनाव असलेल्याची साक्ष धरत नाहीत. मग नदीच्या हद्दीचा वाद निघाला तेव्हा त्याने लिहिलं:

«लेखनिकाने दौत बाजूला सरकवली. ‘बाळ, तुझ्या वतीने सही करायला घरातलं कोणी मोठं आलंय का?’»

आणि मी लिहिलं:

«मारेनच्या मागे तिचा भाचा उभा होता, दाढी पिकायला लागलेला. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. ‘हा आलाय. याला मी पाळण्यात झोका दिलाय.’»

लेखनिकाच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, उलट मायाच होती, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. मिश्र पात्राला दोन्हीकडून फक्त शिव्याच पडल्या पाहिजेत, असा एक साचा रोलप्लेमध्ये बसून गेला आहे. इथले नको म्हणतात, तिथले नको म्हणतात, पात्र पावसात एकटं उभं. अशा पात्रासोबत लिहिणाऱ्याला दोनच वाटा उरतात, त्याला हिणवायचं किंवा त्याची समजूत काढायची. प्रेम करणारी, तरीही समजून न घेऊ शकणारी माणसं दोन्ही घरांत ठेवली की वाटा पुष्कळ फुटतात.

आपल्याकडे घटोत्कच आहेच. बाप भीम, आई हिडिंबा, वाढला आईकडे अरण्यात. आठवण काढाल तेव्हा हजर होईन, हा त्याचा शब्द. पांडव वनवासात डोंगर चढताना दमले, द्रौपदीला चालवेना, तेव्हा त्याची आठवण झाली. युद्धात पुन्हा झाली. आणि कर्णाच्या ‘शक्ती’ या अस्त्राने तो पडला तेव्हा पांडव शोक करत असताना कृष्णाला आनंद झाला. यात कोणी त्याला घरातून हाकललेलं नाही. बापाचा त्याच्यावर जीव आहे, काकांचाही आहे, आणि बोलावणं मात्र गरज पडली की येतं. अर्धा-ऑर्क (हाफ-ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क या दांडग्या, सुळेवाल्या वंशाचं मूल) खेळणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवते: तुझ्या पात्राला दोन्हीकडचे लोक कधी आणि कशासाठी आठवतात, ते आधी ठरव.

अर्ध्या-ऑर्कबद्दल माझं एक मत ठाम आहे. आईवर ऑर्क टोळीने अत्याचार केला आणि त्यातून हे मूल झालं, ही बॅकस्टोरी मी माझ्या पात्रासाठी घेत नाही आणि मी थ्रेड चालवत असेन तर स्वीकारतही नाही. हाफ-ऑर्क १९७८ च्या प्लेयर्स हँडबुक या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमपुस्तकात आला, १९८९ च्या आवृत्तीतून गेला, २००० मध्ये परतला, आणि २०२४ च्या पुस्तकात हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क दोघांनाही वेगळं पान नाही. ऑर्क मात्र तिथे सरळ खेळता येतो. म्हणजे ऑर्क आता कोणाचाही शेजारी, सोबती, नवरा, बायको असू शकतो. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, घर मांडलं, भांडले, पोरं वाढवली. यात नाट्य कमी पडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी सासर-माहेरची दोन पानं लिहून बघावीत.

शिव्यांचाही विचार आधीच करावा लागतो. दुसऱ्याच्या पात्राने माझ्या पात्राला ‘संकर’ म्हणायचं असेल तर त्याने मला खेळाबाहेर, ओओसीमध्ये, आधी विचारावं आणि मीही त्याला विचारावं. पडद्यापलीकडच्या माणसाने हे शब्द खऱ्या आयुष्यात ऐकलेले असू शकतात. आमच्या सर्व्हरवर प्रत्येकजण आपल्या सीमा आधीच लिहून ठेवतो: हे माझ्यासमोर अजिबात नको, हे घडलं तरी आडून घडू दे. पात्र मंजूर करताना सर्व्हर सांभाळणारे मॉडरेटर ती यादी शीटइतकीच नीट वाचतात.

ताकदीचं थोडक्यात. एल्फची जादू, ड्रॅगनचं रक्त, राक्षसाची शिंगं, वर राजघराणं, असं चौपदरी पात्र मंजुरीला आलं की त्याच्यासोबत खेळायला कोणी पुढे येत नाही. दोन वंश पुरे. प्रत्येकाकडून एक देणगी घ्यावी आणि एक अडचणही. राजघराणं हवंच असेल तर त्या राज्याचं लेखन जे करतात त्यांची परवानगी काढावी.

आणि पहिल्याच पोस्टमध्ये आई-बाप सांगून टाकू नयेत. मारेन पहिल्यांदा आली तेव्हा ती नावेच्या फटीत डांबर भरत होती, एवढंच मी लिहिलं होतं. कोणी कान बघून विचारलं, कोणी वय विचारलं, आणि तिने प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. सगळी खरी.

आता नव्या पात्राची जुळवाजुळव सुरू आहे. आई ड्वार्फ (कथांतला बुटका, लोहारकाम करणारा वंश), वडील ऑर्क. नियमांत ही जोडी कुठेच नाही, त्यामुळे सगळं आम्हालाच ठरवावं लागतंय. ड्वार्फ सरासरी ३५० वर्षं जगतात आणि पन्नाशीपर्यंत त्यांच्यात पोरसवदाच समजले जातात. ऑर्क बाराव्या वर्षी मोठा होतो आणि फार तर पन्नाशी गाठतो. म्हणजे नवरा म्हातारा होऊन गेला तेव्हा बायकोला तिच्या माहेरचे अजून पोरगीच म्हणत असणार, आणि कडेवर हे मूल. मुलाचं आयुष्य आम्ही दीडशे वर्षं धरलं आहे. ड्वार्फ लोकांचं लेखन जो करतो त्याने काल विचारलं, की नातवाला घणाची दीक्षा आजोबा कितव्या वर्षी देतील, ऑर्कच्या हिशेबाने की ड्वार्फच्या? मी म्हटलं, आजोबांना आणि आईला यावर भांडू दे, तू आजोबा लिही. त्याने होकार कळवलाय. शनिवारी रात्री थ्रेड उघडतोय.